उंदराची किडनी वाचली, मग बाबांची का नाही वाचणार?

तुमचा प्रश्न लांबलचक होता, थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ६२ वर्षांचे, चिकोडी तालुक्यात गावाकडेच असतात, शुगर १४ वर्षं, बीपीची गोळी चालू, आणि परवाच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळायला लागली की हा चढतो) १.९ आलं. गावात एकजण पुनर्नवा, गोखरू आणि वायवर्ण्याच्या सालीचा काढा द्यायला तयार आहे. तुम्ही स्वतः नेटवर बसून हळदीतलं करक्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, सिलिमरिन अशा वनस्पतींतल्या पदार्थांमुळे किडनीच्या पेशी मरायच्या वाचतात असे ढीगभर पेपर वाचून काढलेत, आणि आता विचारायलात की एवढा पुरावा असताना डॉक्टर हे लिहून का देत नाहीत, आपणच कॅप्सूल आणून चालू केली तर बिघडलं कुठं. आणि शेवटी जाता जाता, आईला पण तोच काढा आधीपासून दिला तर चालेल का.

मी बेळगावात फार्माकॉलॉजी शिकवतो. तुम्ही वाचलेत तसले प्रयोग पांढऱ्या उंदरांवर केलेत आणि विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेत, शिवाय औषधांच्या साइड इफेक्टच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे वॉर्डात किडनी बिघडून आलेल्या माणसांच्या पिशवीतल्या पुड्या, बाटल्या, चूर्णं हे सगळंही बघण्यात येतं. किडनीचा स्पेशालिस्ट मी नव्हे, वडिलांचा डोस ठरवणं माझं काम नाही, ते त्यांना तपासणाऱ्यानेच करायचं. पण पेपरमधला पुरावा आणि काढ्याचा पेला यांच्यात किती अंतर आहे ते सांगू शकतो.

तुम्ही वाचलंय ते खोटं नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोन्ही किडन्या मिळून अंगाच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाहीत, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा तिकडे जातो. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत आत ओढायचं काम तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशी करतात. ह्या पेशी मायटोकॉन्ड्रियाने ठासून भरलेल्या असतात, त्यांना ऑक्सिजन सतत लागतो, आणि रक्तातून किंवा गाळलेल्या पाण्यातून जे औषध येईल त्यातलं बरंचसं त्या आत ओढून घेतात. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मेगालिन नावाच्या रिसेप्टरवरून आत शिरतं, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन ओसीटी-२ नावाच्या दारातून. एकदा आत साठलं की मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, फ्री रॅडिकल सुटतात, एनएफ-कप्पा-बी जागं होऊन सूज वाढते आणि पेशी मरते. करक्युमिन, क्वेर्सेटिन ही मंडळी इथे दोन बाजूंनी काम करतात, एकीकडे सूज दाबतात आणि दुसरीकडे एनआरएफ-२ नावाचा स्विच चालू करतात, म्हणजे पेशी स्वतःच ग्लुटाथायोनसारखा बचावाचा माल जास्त बनवायला लागते. हे काचेच्या ताटलीतल्या पेशीत दिसतं, उंदरात दिसतं, परत परत दिसतं.

आता तो प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो ते बघा, कारण ॲब्स्ट्रॅक्ट वाचून ते ध्यानात येत नाही. सहा-सहा उंदरांचे गट करायचे. एका गटाला काहीच नाही, एका गटाला आठ दिवस रोज जेंटामायसिन टोचायचं, आणि बाकीच्या गटांना जेंटामायसिन अधिक आपला अर्क, एकाला कमी डोस एकाला जास्त. चार-पाच दिवस गेले की नुसत्या जेंटामायसिनवाल्यांचे पिंजरे सकाळी ओलेगच्च असतात, खालचा भुसा बदलून बदलून पोरं वैतागतात, कारण ह्या विषारात लघवी कमी होत नाही, उलट गाळलेलं पाणी परत ओढता न आल्यामुळे वाढते. शेवटी किडनी काढून बघितली तर फिकट, सुजलेली, हाताला जड. मायक्रोस्कोपखाली नळीच्या पेशींच्या आतल्या कडेला जी दाट मखमलीसारखी किनार असते ती झडून गेलेली, आणि नळीत मेलेल्या पेशींचा गुलाबी चोथा अडकलेला. अर्क दिलेल्या गटात हेच पुष्कळ कमी. पहिल्यांदा स्लाइड बघणारा विद्यार्थी हमखास खूश होतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पण बहुतेक प्रयोगांत अर्क चालू कधी करतात? विष टोचायच्या आधी, किंवा फार तर त्याच दिवशी. उंदीर तरुण, धडधाकट, ना शुगर ना बीपी, जखम एकच, तारीख ठरलेली, आणि आठ-दहा दिवसांत प्रयोग संपला. पाऊस यायच्या आधीच डोक्यावर इरलं घेतलं तर माणूस कोरडा राहतो हे त्यातून सिद्ध होतं. तुमचे वडील १४ वर्षं भिजायलेत. त्यांच्या किडनीत आज अचानक पेशी मरायलेत असं नाही, तिथे बहुधा गाळणीवर वर्षानुवर्षं दाब पडून हळूहळू वण तयार झालाय, आणि झालेला वण काढून टाकणारं औषध आज ना ॲलोपॅथीत आहे ना काढ्यात. उरलेला भाग जितका जास्त दिवस टिकवता येईल तितका टिकवायचा, एवढंच हातात आहे. म्हणून तुमचा खरा प्रश्न करक्युमिन पेशी वाचवतं का हा नाहीच, शुगर-बीपीने खराब होत चाललेली किडनी हळू खराब व्हावी म्हणून काय करायचं, हा आहे. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत.

दुसरी भानगड डोसची. उंदराला करक्युमिन साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम दर किलोमागे देतात. उंदराचा डोस माणसाला लावताना ६.२ ने भागायचा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे २०० चे झाले ३२, आणि ६० किलोच्या माणसाला दिवसाला १.९ ग्रॅम शुद्ध करक्युमिन. हळदीत ते असतं तीन ते पाच टक्के. म्हणजे रोज ४० ते ६५ ग्रॅम हळद! भाजीत आपण अर्धा चमचा घालतो. आणि एवढी खाल्ली तरी रक्तात पोचत नाही, आतडं आणि लिव्हर मिळून तिचा निकाल लावतात. आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातून १९९८ मध्ये आलेला अभ्यास जगभर सांगितला जातो, दोन ग्रॅम करक्युमिन नुसतं दिलं तर रक्तात जवळजवळ सापडलंच नाही आणि सोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन, म्हणजे मिरीतला तिखट भाग, दिल्यावर शोषण वीस पटीने वाढलं. तेव्हापासून सगळ्या कॅप्सूलवाल्यांनी मिरीचा अर्क घालायला सुरुवात केली. ऐकायला छान वाटतं, पण वीस पट वाढूनही ताटलीतल्या पेशींवर जेवढं ओततात तेवढं रक्तात येत नाही, आणि पायपेरिन लिव्हरची जी एन्झाइम्स अडवतं ती फक्त करक्युमिनसाठी नसतात, वडिलांच्या बाकीच्या गोळ्याही त्याच वाटेने जाणाऱ्या असू शकतात. (ताटलीतल्या पेशींचं अजून एक सांगायचं म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे बघायला एमटीटी नावाची रंगाची टेस्ट करतात, आणि ही वनस्पतीतली संयुगं कधी कधी पेशी नसतानाही तो रंग स्वतःच बदलतात. कंट्रोल नीट न ठेवलेला पेपर असेल तर मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही, म्हणून सांगितलं.)

बरं, मग माणसांवर कोणी बघितलंच नाही का? बघितलंय की, आणि चांगलं मोठं. कॅनडात पोटातल्या महाधमनीच्या ऑपरेशनच्या ६०६ रुग्णांना ऑपरेशनच्या आगेमागे करक्युमिन किंवा डमी गोळी दिली, २०१८ मध्ये निकाल आला. फायदा काही दिसला नाही, उलट किडनीला अचानक इजा झालेल्यांचं प्रमाण करक्युमिनच्या गटात १७ टक्के आणि डमीच्या गटात १० टक्के निघालं. गंमत म्हणजे इथे इजेची वेळ ठरलेली होती आणि औषध आधीच दिलेलं होतं, म्हणजे उंदराच्या प्रयोगाला सगळ्यात जवळची परिस्थिती, तरी हे. दुसरा अभ्यास तुमच्या वडिलांच्या कामाचा. जुनाट किडनीचा आजार आणि लघवीतून प्रथिन जाणारे ५१९ रुग्ण, शोषण वाढवलेलं करक्युमिन रोज ९० मिलिग्रॅम, सहा महिने. ना प्रथिन जायचं कमी झालं ना किडनीचं काम सुधारलं. तुम्ही विचारलंत डॉक्टर का लिहून देत नाहीत, तर त्याचं उत्तर हे.

एनआरएफ-२ चा स्विच जोरात दाबणारं औषधही करून बघितलंय. लवंगेत, ऑलिव्हच्या पानात ओलिनोलिक ॲसिड नावाचा पदार्थ असतो, त्यात रासायनिक बदल करून बार्डोक्सोलोन बनवलं. शुगरच्या किडनीरुग्णांत त्याने ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, खरंच वर गेला, सगळे हरखून गेले, आणि मग २,१८५ रुग्णांची मोठी ट्रायल २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त व्हायला लागलं. म्हणून कोणी "काढ्याने क्रिएटिनिन उतरलं" म्हटलं की मी लगेच मान डोलवत नाही. क्रिएटिनिन उतरायला किडनी सुधारावीच लागते असं नाही. माणसाने मटण सोडलं, वजन घटलं, मांड्या बारीक झाल्या तरी ते उतरतं. उलटीकडे, चांगली औषधं चालू केल्यावर सुरुवातीला ते थोडं चढतं आणि लोक घाबरून गोळी बंद करतात.

आता मला खरं ज्याबद्दल बोलायचंय ते. वनस्पतीतल्या पदार्थावरून बनवलेल्या औषधाने किडनी जास्त दिवस टिकते हे पक्कं सिद्ध झालेलं एक उदाहरण आहे आणि ते तुमच्या चौकातल्या मेडिकल दुकानात मिळतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून युरोपात १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला. कडू म्हणून तापावर चालेल असं वाटलं होतं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने दाखवलं की हा दिला की लघवीतून साखर जायला लागते. पुढे शंभरेक वर्षं तो बहुतेक प्रयोगशाळेतच राहिला, कारण पोटातून घेतला तर आतड्यातच मोडतो आणि जुलाब लागतात. मग कळलं की किडनीच्या नळीत साखर परत ओढणारा एसजीएलटी-२ नावाचा पंप हा अडवतो, आणि आतड्यातला त्याचा भाऊ एसजीएलटी-१ पण अडवतो, जुलाब त्यामुळे. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा ठेवून, न मोडणारा आणि फक्त किडनीतला पंप पकडणारा रेणू बनवला. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्याचीच वंशावळ. शुगरसाठी आणली होती, पण नळीत जास्त मीठ पुढे जायला लागलं की किडनी स्वतःच गाळणीवरचा दाब कमी करते, आणि तुमच्या वडिलांच्या किडनीचं दुखणं नेमकं हा दाबच आहे. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची ४,३०४ रुग्णांवरची ट्रायल आली, किडनी निम्म्याने बिघडणं, डायलिसिसला जाणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी. एम्पाग्लिफ्लोझिनची ६,६०९ रुग्णांवरची त्यानंतर आली, तिथे हाच हिशोब थोडा वेगळ्या पद्धतीने धरून २८ टक्के. शुगर नसलेल्यांनाही फायदा झाला. आता जेनेरिक आल्यामुळे पूर्वीइतकं महागही राहिलेलं नाही.

एका झाडाच्या सालीला इथवर यायला पावणेदोनशे वर्षं लागली. आपल्याकडच्या वनस्पतींत असं काही नाही असं मी म्हणत नाही. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे, घाटातल्या वनस्पतींवर काम चालतं, मीही त्याच विषयात पोट भरतो. पण काम चालू आहे आणि औषध तयार आहे या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता काढ्याकडे येऊ. घेतला तर बिघडेल काय, हे त्यात काय आहे त्यावर आहे, आणि अडचण तीच आहे. पुनर्नवा म्हणून बाजारात निदान दोन वेगळ्या वनस्पती येतात. पाषाणभेद म्हणून तर कोणी काय देईल सांगता येत नाही, कोणी हिमालयातलं मूळ देतो, कोणी परड्यातली पानफुटी. पुनर्नव्याने लघवी सुटते, पायाची सूज उतरते आणि माणसाला बरं वाटतं, हे खरं आहे, पण त्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. वडिलांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल असेल तर ती आधीच पोटॅशियम थोडं वर ठेवते, किडनी अर्ध्यावर आलेली, त्यात रोज पेलाभर काढा. पोटॅशियम वाढलेलं बाहेरून दिसत नाही ओ, ते थेट हृदयाच्या ठोक्यावर येतं. काढ्यात ज्येष्ठमध असेल तर उलटं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं.

आणि काही वनस्पती किडनीला सरळसरळ विष आहेत. सापसंद, ज्याला आपल्याकडे कन्नड बोलणारे ईश्वरी बळ्ळी म्हणतात, साप-विंचवावर पूर्वापार वापरतात, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत चुकून याच कुळातली चिनी वनस्पती गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या गेल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. करमळ (म्हणजे कमरख, स्टार फ्रूट) आणि बिलंबीचा रस हेही किडनीवाल्याने तोंडाला लावू नये, ऑक्झलेट नळ्यांत जाऊन बसतं, आणि करमळाने तर उचक्या, भ्रम, फिट्सपर्यंत जातं. हळदीच्या कॅप्सूलनेसुद्धा लघवीतलं ऑक्झलेट वाढतं. भस्मं हा वेगळाच विषय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी देशी औषधं घेणाऱ्यांत, पाऱ्याशी संबंध असलेला, लघवीतून प्रथिन जायचा एक आजार नीट दाखवून दिलाय, आणि त्यातले बरेच जण ते औषध बंद केल्यावर सुधारले. तेवढीच त्यात समाधानाची गोष्ट.

मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलायलोय असं समजू नका. वडिलांचा त्यावर विश्वास असेल तर शिकलेल्या, रजिस्टर असलेल्या वैद्याकडे न्या, सध्याच्या सगळ्या गोळ्या दाखवा, काय देणार ते कागदावर लिहून घ्या, भस्म नको म्हणून स्पष्ट सांगा, आणि चालू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम करा. नाव न सांगता पुडी देणाऱ्याकडून मात्र काही घेऊ नका, मग तो कितीही देवमाणूस असो.

वडिलांचं म्हणाल तर, १.९ आणि वय ६२ म्हणजे ईजीएफआर साधारण ३९-४० येतो, तिसऱ्या स्टेजचा दुसरा अर्धा. घाबरून जायची वेळ नाही, पण दुर्लक्ष करायचीही नाही. सकाळच्या पहिल्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो टेस्ट करा, लघवीतून प्रथिन किती जातं ते त्यात कळतं, ताप असताना किंवा शेतात राबून आल्यावर नको. ३० च्या खाली असेल तर उत्तम, ३०० च्या वर असेल तर पळापळ करण्यासारखं आहे. क्रिएटिनिन परत कराल तेव्हा आदल्या रात्री मटण नको. जुना रिपोर्ट शोधा, तीन महिन्यांहून जुना, कारण एका आकड्यावरून हा जुनाट आजार आहे की नुसता जुलाब-उलटीने चढलेला आकडा आहे ते कळत नाही, आणि दुसरं असेल तर हे सगळं गणितच बदलतं. मग डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा, बीपीची गोळी सार्टन किंवा प्रिल गटातली आहे का, आणि डापा किंवा एम्पा चालेल का. ती चालू झाली तर लघवीच्या जागी खाज-इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता ठेवायची. उलट्या-जुलाब, ताप किंवा निर्जळी उपवास असेल तर तेवढे दिवस ती बंद ठेवायची का हे आधीच विचारून ठेवा. आषाढीला चालत जाणारे असतील तर हे जास्तच, उन्हात पाणी कमी पडतं आणि पाय दुखले की कोणीतरी डायक्लोफिनॅकची गोळी हातावर ठेवतं. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या भागात किडनी बिघडवण्यात ह्या दुखण्याच्या गोळ्यांचा हात कुठल्याही काढ्यापेक्षा मोठा, असं माझं नोंदवहीवरून झालेलं मत आहे.

हळद-दूध, कांदा, भाजीतली मिरी, ह्यातलं काही बंद करायची गरज नाही. स्वयंपाकातल्या प्रमाणात काही होत नाही, फायदाही नाही आणि तोटाही नाही. फक्त कोणाची किडनी ट्रान्सप्लांट झालेली असेल आणि नवी किडनी अंगाने नाकारू नये म्हणून देतात ते टॅक्रोलिमस चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल नकोत, आणि गणपतीतलं पपनसही नको, रक्तात त्या औषधाची पातळी चढते.

आईंबद्दल. शुगर नाही, बीपी नाही म्हणालात, मग त्यांना आधीपासून काढा द्यायचं कारण मला तरी दिसत नाही. वर्षातून एकदा शुगर, बीपी, क्रिएटिनिन बघितलं की झालं. पण गुडघ्यासाठी त्या रोज एक गोळी घेतात असं तुम्ही मध्येच एका ओळीत लिहून गेलात. त्या गोळीच्या पाकिटावरचं नाव तेवढं बघून कळवा.